थ्रॉटल मिटल्यावर

आदेरितोने नवा सायलेन्सर बसवला तो जूनमध्ये,
स्वतःच, अंगणात, ओंडक्यावर गाडी टेकवून,
बहिणीच्या लग्नातून उरलेल्या पैशांत.
फिल्टरही नवा, उघडाच, टोपणाशिवाय.
तेव्हापासून धरणावरची रात्रपाळी सुटली की
पहाटे सहाला दहा मिनिटं असताना
आमच्या डोंगराला उचकी लागते.

वरून खाली सात वळणं.
चढताना फटफटी गुणी, हूं की चूं नाही.
उतारावर मूठ सैल केली, की फट्.
फट् फट्. मग थांबून, विचार करून, फाट्.
चेस्टनटच्या झाडांतून कावळे उठतात,
पाद्रीबुवांची कोंबडी अंड्यावरून उठते
(असं पाद्रीबुवा म्हणतात),
आणि पोर्तुगालच्या या वरच्या कोपऱ्यात, जिथे टपालही उशिरा पोचतं,
पंचायतीची नोटीस मात्र दुसऱ्या दिवशी, शिक्क्यासकट.

"मेस्त्री, काहीतरी करा." नजर टायरवर.
मी झुलमिरा. गॅरेज बापाचं, पाने बापाचे,
शिव्या तेवढ्या माझ्या स्वतःच्या.
म्हटलं, आधी गाडी थंड होऊ दे. तूही हो.

मग सिगरेट पेटवली. दहा वर्षं झाली, ओढत नाही मी,
पण धूर खोटं बोलत नाही.
नळी इंजिनला मिळते त्या सांध्याशी धरली.
इंजिन चालू, तोवर धूर बाहेर ढकलला जात होता,
मूठ मिटताच गपकन आत.
"बघ," म्हटलं, "इथून चोरून श्वास घेतेय."
गॅस्केट त्याने जुनंच परत लावलेलं,
शिळ्या पावाच्या कडेसारखं.

त्याला समजावलं:
तू मूठ मिटतोस, इंजिन लगेच ऐकत नाही,
चाकं त्याला ओढत राहतात.
त्या घटकेला आत जे पेट्रोल येतं
ते जळायला थोडं, विझून जायला जास्त.
तसंच अर्धकच्चं पुढे निसटतं, तापल्या नळीत,
तिथे त्याला ही चोरवाटेची हवा भेटते,
आणि पोटात पेटायला हवं होतं ते दारात पेटतं.

"आमच्या घरातल्यासारखं," तो म्हणाला.
मी वर पाहिलं. तो टायरकडेच बघत होता.
मी तेरा नंबरचा पाना मागितला.

तांब्याचं नवं गॅस्केट. मंद चालीचा जेट एक नंबर मोठा.
स्क्रू अर्धा आटा बाहेर, मग कान देऊन, थोडा आणखी.
क्लॅम्प आवळला. पगार झाला की दे, म्हटलं.

मंगळवारी डोंगर गप्प. बुधवारीही.
शनिवारी एतेल्विना आली, आधी काठी, मग ती,
काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला पाव.
"पोरगा रजेवर आहे का गं?"
नाही, रोज उतरतो की.
"मग मला कळणार कसं?"
दिसत नाही तिला. डाव्या डोळ्याने उजेड तेवढा.
"चौथ्या वळणावर फट् झालं की मी दूध ठेवायची,
उतू जायच्या आत तो दारात.
घड्याळ आहे. त्याला सेल लागतात."

मी म्हटलं, काकी, मेस्त्री बिघाड परत बसवत नसतो.
"मी कुठे म्हणतेय बसव," ती म्हणाली,
आणि पाव ठेवला, ग्रीसच्या डब्याशेजारी.

रविवारी पहाटे जागी होते, उगीच नव्हे.
इंजिन वरून आलं, गोल, दाट, साय धरल्यासारखं.
पहिलं वळण. तिसरं.
चौथ्यावर त्याने मूठ मिटली,
अंथरुणातून ऐकलं मी ते मिटणं.
आणि एक.
एकच. बारीक.

सांधे मीच आवळलेले. धूर लावून पाहिलेले, दोनदा.
कुठून आला कुणास ठाऊक.
थोड्या वेळाने खालच्या धुराड्यातून धूर निघाला.
सोमवारी त्याला सांगायला हवं, गाडी आण म्हणून.

सोमवार गेला.